स्पॅनिशचे काळ पाठ आहेत, पण बोलताना वर्तमानकाळच तोंडात येतो: अडतं कुठे आणि करायचं काय

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, परीक्षेत रिकाम्या जागा अचूक भरता येतात, पण समोर स्पॅनिश बोलणारं माणूस आलं आणि 'काल काय केलंस?' असं त्याने विचारलं की तोंडातून वर्तमानकाळच बाहेर पडतो. मग पुन्हा तक्ते घोकायचे. आठवडाभर बरं वाटतं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी पुण्यात स्पॅनिश शिकले, नंतर कामानिमित्त मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात दोन वर्षं राहिले, आणि आता घरीच चार-पाच जणांना शिकवते. ही तक्रार मी स्वतः भोगली आहे आणि माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक जण ती घेऊन येतो. मेहनत कमी पडते म्हणून हे होत नाही. मराठी माणूस ठरावीक जागी अडतो, आणि त्या जागा इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत, कारण ती पुस्तकं आपल्यासाठी लिहिलेलीच नसतात.

'कोणी भरलं?'

ग्वादालाहारातला दुसरा महिना. घरमालकीणबाई विजेचं बिल घेऊन दारात उभ्या होत्या. मी आदल्या दिवशीच कोपऱ्यावरच्या दुकानात पैसे भरून आले होते. 'मी भरलं' याला स्पॅनिशमध्ये 'पागे' म्हणतात. मी म्हणाले 'पागो', आणि जोर दिला 'गो'वर. बाईंनी विचारलं, 'किएन?' म्हणजे 'कोणी?' मी पुन्हा तेच म्हणाले, जरा मोठ्याने. त्या आणखीच गोंधळल्या, कारण त्यांना ऐकू येत होतं 'त्याने भरलं', आणि घरात तर माझ्याशिवाय कोणीच राहत नव्हतं. शेवटी मी आतून पावती आणून दाखवली.

त्या रात्री वही घेऊन बसले तेव्हा चूक कुठली ते दिसलं. मराठीत आपण म्हणतो: मी बिल भरलं, त्याने बिल भरलं, आम्ही बिल भरलं, त्यांनी बिल भरलं. कर्ता कोणीही असो, 'भरलं' हे 'भरलं'च राहतं. ते बिलाकडे बघतं, भरणाऱ्याकडे नाही. कर्म असलेलं क्रियापद भूतकाळात गेलं की त्याचं शेपूट कर्त्याप्रमाणे बदलायचं असतं, ही सवयच आपल्याला फारशी नाही. फक्त 'तू भरलंस' एवढ्यापुरती ती उरली आहे. स्पॅनिशमध्ये मात्र पागे, पागो, पागामोस, पागारोन. शिवाय 'मी', 'त्याने' हे शब्द बहुतेक वेळा बोलतच नाहीत. कोणी केलं ते फक्त शेपटावरून कळतं. शेपूट चुकलं की माणूस बदलला.

यात दुसरी अडचण मिसळते ती जोराची. 'पागो' म्हणताना जोर 'पा'वर असेल तर अर्थ 'मी भरते', आणि 'गो'वर असेल तर 'त्याने भरलं'. अक्षरं तीच. लिहिताना शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ येते, म्हणून कागदावर चूक होत नाही. मराठीत जोर इकडचा तिकडे गेल्याने क्रियापदाचा काळ आणि कर्ता बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही.

उपाय मला सापडला तो असा. सगळा तक्ता एकदम घ्यायचा नाही. भूतकाळाची दोनच रूपं घ्यायची, 'मी' आणि 'ती', आणि घरातल्या कामांवर जोडीने बोलायची. आईने चहा केला, मी पोळ्या केल्या: ईसो, ईसे. आई बाजारात गेली, मी घरी राहिले: फुए, मे केदे. आईने पैसे दिले, मी पिशवी उचलली. दहा वाक्यं, रोज, मोठ्याने, आणि जिथे जोर आहे तिथे मांडीवर थाप मारायची. मी वहीतसुद्धा जोराच्या अक्षराखाली रेघ मारायचे. तीन आठवडे एवढंच केलं. 'आम्ही' आणि 'त्यांनी' नंतर आपसूक येतात. 'बोसोत्रोस'ची, म्हणजे जवळच्या अनेकांना उद्देशून 'तुम्ही' म्हणायची, ओळ मी सुरुवातीला काढूनच टाकायला सांगते. ती स्पेनमध्ये वापरतात. मेक्सिको, कोलंबिया, पेरू, अर्जेंटिनात तुमच्याकडून कोणी तिची अपेक्षा करत नाही. स्पेनलाच जायचं असेल तर ती अर्थातच शिका.

'फुई' की 'ईबा': इंग्रजी मध्ये आणू नका

सगळ्यात जास्त रडवणारी जागा ही. स्पॅनिशमध्ये रोजच्या बोलण्यात दोन भूतकाळ लागतात. 'फुई' आणि 'ईबा', दोन्ही 'जाणे' या क्रियापदाचे. 'कोमी' आणि 'कोमीआ', दोन्ही 'खाणे'चे. कुठला कधी?

इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे खरंच कठीण जातं, कारण इंग्रजीचा साधा भूतकाळ दोन्हीकडे चालून जातो. म्हणून पुस्तकं नियमांच्या याद्या देतात: सवय असेल तर हा, वर्णन असेल तर हा, वय, वेळ, हवामान असेल तर हा. विद्यार्थी बोलताना मनातल्या मनात त्या यादीवरून बोट फिरवतो, आणि तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो.

आपल्याला ती यादी कशाला हवी? मराठीत हा फरक आपण चार वर्षांचे असल्यापासून करतो. 'मी शाळेत गेले' म्हणजे फुई. 'मी शाळेत जायचे' म्हणजे ईबा. 'मी शाळेत जात होते' म्हणजेही ईबा. शाळेतल्या व्याकरणात आपण अपूर्ण भूतकाळ आणि रीती भूतकाळ असे दोन शिकलो होतो. त्या दोघांचं काम स्पॅनिशमध्ये एकच रूप करतं. बनवायलाही ते सोपं आहे. एका गटाला 'आबा', दुसऱ्याला 'ईआ', आणि अनियमित क्रियापदं अख्ख्या भाषेत फक्त ३: असणे, जाणे, बघणे. एरा, ईबा, बेईआ.

नावांनी घाबरू नका. साध्या भूतकाळाला स्पेनमधली पुस्तकं 'इंदेफिनीदो' म्हणतात, स्पेनची भाषा अकादमी 'परफेक्तो सिंप्ले' म्हणते, मेक्सिकोत नुसतं 'प्रेतेरितो'. काळ एकच. 'ईबा'वाल्या काळाला मेक्सिकोच्या शाळेत 'कोप्रेतेरितो' म्हणतात. हे नाव व्हेनेझुएलात जन्मलेल्या आंद्रेस बेयो यांच्या व्याकरणातलं, जे १८४७ मध्ये चिलीत छापलं गेलं. 'को' म्हणजे सोबत. भूतकाळात दुसरं काही घडलं तेव्हा सोबत जे चालू होतं, ते सांगणारा काळ. मला स्वतःला हे नाव फार आवडतं. 'अपूर्ण' म्हटल्याने काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं; 'सोबतचा' म्हटलं की त्याचं काम लगेच कळतं.

यावरचा माझा खात्रीचा उपाय म्हणजे श्रावणातली कहाणी. आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. त्याला दोन राण्या होत्या, एक आवडती, एक नावडती. नावडती गुरांच्या गोठ्यात राहत असे. इथपर्यंत सगळं 'होतं', 'असे', 'त होती'. गोष्ट अजून हललेली नाही. मग येतं 'एके दिवशी काय झालं'. आणि त्या शब्दांनंतर क्रियापदं बदलतात: राजा निघाला, वाटेत थांबला, त्याने विचारलं.

स्पॅनिश गोष्टही अशीच वळते. 'आबीआ उना बेस उन रेय. तेनीआ दोस रेईनास.' एक होता राजा, त्याला होत्या दोन राण्या. 'उन दीआ एल रेय सालिओ.' एके दिवशी राजा निघाला. 'उन दीआ'च्या आधी आबा-ईआ, 'उन दीआ'नंतर साधा भूतकाळ.

हे मला कुठल्या वर्गात नाही, जेवताना उमगलं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक फोंदा होती. फोंदा म्हणजे घरगुती खानावळ. दुपारी ठरलेलं ताट, आधी सूप, मग भात, मग रस्सा-भाजी किंवा मांस, सोबत तोर्तीया आणि जास्वंदीचं लालभडक थंड सरबत. खानावळीच्या बाई खेड्यातल्या होत्या. भांडी पुसता पुसता त्या लहानपणचं सांगायच्या. आम्ही रांचोवर राहायचो, 'बिबीआमोस'. वीज नव्हती, 'नो आबीआ लूस'. पाणी विहिरीवरून आणायचो, वडिलांच्या गाई होत्या. एकामागून एक ईआ, ईआ, आबा. आणि मग फडकं खांद्यावर टाकून, थांबून: 'उन दीआ येगो ला लूस.' एके दिवशी वीज आली. येगो, जोर शेवटच्या 'गो'वर. त्या एका वाक्याने मला जे शिकवलं ते त्याआधीच्या दोन परीक्षांनी शिकवलं नव्हतं.

तुम्ही हे घरी करू शकता. आजीच्या लहानपणाची पाच वाक्यं 'आयची'मध्ये सांगा (जायची, राहायची), मग 'एके दिवशी' म्हणा आणि तीन वाक्यं 'ली'मध्ये सांगा (गेली, राहिली). आधी मराठीत, लगेच स्पॅनिशमध्ये. मध्ये इंग्रजी येऊ देऊ नका.

काही जोड्या तर अशा आहेत की इंग्रजी पुस्तकं त्यांना 'अर्थ बदलणारी क्रियापदं' म्हणून वेगळा धडा देतात, आणि आपल्याकडे त्यासाठी शब्द तयार आहेत. 'साबीआ' म्हणजे माहीत होतं, 'सूपे' म्हणजे कळलं. 'कोनोसीआ' म्हणजे ओळखत होते, 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली. 'तेनीआ के ईर' म्हणजे जायचं होतं. गेले की नाही ते सांगितलेलं नाही. 'तूबे के ईर' म्हणजे जावं लागलं, आणि गेले. 'मे गुस्ताबा' आवडायचं, 'मे गुस्तो' आवडलं. शिवाय 'मला आवडतं'ची रचनाच जशीच्या तशी स्पॅनिशमध्ये आहे: मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात, मे गुस्ता, मे गुस्तान. इंग्रजीतून गेलात तर 'मी आवडते' असं काहीतरी तोंडात येईल.

मराठी जिथे फसवते

पण सगळीकडे मराठीवर विसंबून चालत नाही, आणि चुका परत परत उगवतात त्या इथे.

पहिला खड्डा 'होते'. 'मी लहान होते' आणि 'मी तीन दिवस दवाखान्यात होते', दोन्हीकडे मराठीत 'होते'. स्पॅनिशमध्ये पहिल्याला एरा, दुसऱ्याला एस्तूबे. कारण दुसरीकडे काळ मोजलेला आहे, तीन दिवस, सुरू झाले आणि संपले. तसंच 'मी पाच वर्षं नाशिकला राहत होते'. मराठीत अगदी बरोबर, पण स्पॅनिशमध्ये 'बिबी', 'बिबीआ' नव्हे. खूण सोपी आहे: वाक्यात मोजलेला आणि संपलेला काळ आला, तीन दिवस, पाच वर्षं, दोन तास, की आबा-ईआ सोडायचं. 'कालचं जेवण छान होतं' हेही तसंच. तिथे 'होतं'च्या जागी 'झालं' घालून बघा. 'जेवण छान झालं' असं म्हणता येतंय, तर बहुतेक वेळा साधा भूतकाळ.

दुसरा खड्डा 'तो म्हणाला की'. आपण म्हणतो, 'ती म्हणाली की ती आजारी आहे.' 'आहे' तसंच राहतं. स्पॅनिशमध्ये 'म्हणाली' भूतकाळात गेलं की आजारपणही सहसा मागे जातं: 'दीहो के एस्ताबा एन्फेर्मा'. मला हे सुधारायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण माझी चूक कोणाला अडत नव्हती. सगळ्यांना अर्थ कळायचा, म्हणून कोणी टोकायचं नाही.

तिसरा अगदी छोटा. कोणी हाक मारली की आपण 'आले आले!' म्हणून ओरडतो. जागेवरून हललेलो नसतो आणि तरी भूतकाळ. स्पॅनिशमध्ये तिथे 'बोय', म्हणजे 'जाते'. येणं नाही, जाणं. भूतकाळ नाही, वर्तमानकाळ.

याउलट एके ठिकाणी मराठी माणसाने निश्चिंत राहावं. 'दोन दिवसांपासून डोकं दुखतंय' याला स्पॅनिशमध्येही वर्तमानकाळच लागतो: 'मे दुएले ला काबेसा देस्दे आसे दोस दीआस'. इंग्रजी डोक्यात असलेला विद्यार्थी इथे तीन शब्दांचा लांबलचक काळ बांधायला जातो. डॉक्टरसमोर बसलेले असताना त्याची गरज नसते.

तक्ता किती, बोलणं किती

माझं मत स्पष्ट आहे: आधी बोलायचं, मग तक्ता उघडायचा. उलट केलं की तक्ता हेच काम होऊन बसतं आणि बोलण्याची पाळी येतच नाही.

कालचा दिवस फोनमध्ये दोन मिनिटं रेकॉर्ड करा. अडखळलात तरी थांबवू नका. मग ऐका आणि फक्त क्रियापदं कागदावर उतरवा. साधारण पंधरा-वीस निघतील. जिथे अडलात त्या तीन-चार क्रियापदांसाठीच तक्ता उघडा. मग तोच दिवस पुन्हा रेकॉर्ड करा. या सगळ्याला अर्धा तास लागतो, आणि त्यात व्याकरणाची जेमतेम दहा मिनिटं असतात. पण ती दहा मिनिटं तुमच्या स्वतःच्या अडलेल्या वाक्यावर खर्च होतात, म्हणून लक्षात राहतात.

आणि एकच प्रसंग किमान तीन माणसांना सांगा. माझा पाकीट हरवल्याचा प्रसंग मी खानावळीच्या बाईंना सांगितला, ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितला, मग एका टॅक्सीवाल्याला. पहिल्यांदा सगळं वर्तमानकाळात गेलं. तिसऱ्यांदा 'मी बाजारात हिंडत होते, तेवढ्यात पिशवी हलकी लागली' हे दोन्ही काळांसकट बाहेर पडलं. रोज नवा विषय शोधणारे विद्यार्थी ही तिसरी वेळ गमावतात.

पुण्यात, नागपुरात, पणजीत बसून माणूस कुठून आणायचं? फोनवर. मध्य मेक्सिकोची वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. इथे सकाळी साडेसातला फोन लावला की तिकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. त्यांचा दिवस नुकताच संपलेला, तुमचा कालचा दिवस ताजा. दोघांकडेही भूतकाळात सांगण्यासारखं असतं. सुरुवातीलाच सांगून ठेवा: 'कोरीहेमे सोलो एल पासादो, पोर फाबोर.' फक्त भूतकाळ सुधारा. हे नाही सांगितलं तर भली माणसं एकतर काहीच सुधारत नाहीत, किंवा प्रत्येक शब्दाला थांबवतात आणि गोष्ट तिथेच मरते.

नुसतं बोलूनही भागत नाही, हेही तितकंच खरं. तिकडे तीन-तीन वर्षं राहिलेले, सराईतपणे बोलणारे आपले लोक मी पाहिले आहेत, ज्यांच्या बोलण्यात 'एस्ताबा' हा एकच भूतकाळ होता. काम अडत नव्हतं, म्हणून चूक मुरली. अशा माणसाला मी जास्त बोल असं सांगत नाही. त्याला पंधरा दिवस लिहायला लावते: रोज सहा ओळी, प्रत्येक क्रियापदाखाली मराठी रूप. लिहिताना वेग कमी होतो आणि कान जे सोडून देतो ते डोळ्याला दिसतं.

बाकीच्या काळांची सध्या काळजी करू नका. भविष्यकाळासाठी रोजच्या बोलण्यात 'बोय आ' आणि पुढे मूळ क्रियापद, एवढं पुरतं. खरा भविष्यकाळ अंदाजाला कामी येतो, आणि तिथे तो थेट आपल्या '-एल'सारखा आहे: 'एस्तारा एन कासा', घरी असेल. 'मी जेवले आहे' या काळासाठी स्पेनचे लोक 'आज'च्या गोष्टींनाही 'ए कोमीदो' म्हणतात, मेक्सिकोचे बहुतेक वेळा नुसतं 'कोमी'. ज्यांच्याशी बोलता त्यांचं ऐका. आणि सब्जंक्टिव्ह नावाचा जो बागुलबुवा आहे, त्याला 'तू यावंस असं मला वाटतं' यातल्या 'यावंस'च्या शेजारी बसवा: 'किएरो के बेंगास'. पण दोन भूतकाळ तोंडात बसल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

दोन-तीन महिने बोलणं सुटलं की वर्तमानकाळ पुन्हा सगळीकडे पसरतो. माझंही तेच होतं. त्या वेळी पहिल्या धड्यापासून पुस्तक उघडू नका. एका संध्याकाळी एक कहाणी घ्या, आटपाट नगरची किंवा आजीच्या घरची, ती स्पॅनिशमध्ये मोठ्याने सांगा आणि 'उन दीआ' म्हटल्यावर क्रियापद बदलतंय का ते ऐका. बदलत नसेल तर तीच कहाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा.